झाकलेला उजेड

पुणें जिल्ह्याच्या मावळ तालुक्यांत, देहूपासून थोड्याच अंतरावर, सुदुंबरें हें गांव आहे. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकीं संताजी महाराज जगनाडे यांची समाधि येथें असल्यामुळें वारकरी मंडळींस या गांवाचें नांव सुपरिचित आहे. संताजी मूळचे चाकणचे, धंदा तेल्याचा. तुकोबांच्या मुखांतून निघालेले अभंग ज्यांनीं लिहून ठेविले त्यांत संताजींचें नांव आदरानें घेतलें जातें. त्यांच्या हातच्या म्हणून जपून ठेविलेल्या वह्यांच्या आधारें ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनीं १९१९-२० च्या सुमारास तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून विद्वानांचीहि दृष्टि या वह्यांकडे वळली. ज्या घराण्यानें दिव्यांना तेल पुरविलें त्यांतीलच एका पुरुषानें त्या दिव्यांच्या उजेडांत वाचावें असें अक्षर मागें ठेवावें, हा योग सुदुंबऱ्यास गेलें म्हणजे मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अशा गांवाचा संगणकाच्या पडद्यावरील एका दोषाशीं काय संबंध, असें वाचकांस वाटेल. तो संबंध माझ्या एका चुकीमुळें जडला आहे, तेव्हां ती चूकच प्रथम सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत तिकडील एका शेतकरी कुटुंबांतील जुन्या बाडाचीं छायाचित्रें माझ्याकडे वाचनासाठीं आलीं. हें बाड संताजींचें नव्हे, किंवा तितकें जुनेंहि नव्हे. भजनास बसणाऱ्या कोणा पूर्वजानें आपल्या सोईसाठीं उतरून घेतलेले अभंग, मधूनमधून देण्याघेण्याचे आंकडे आणि दोनचार औषधें, एवढाच त्याचा ऐवज. छायाचित्रें घरांतील मुलानें माजघराच्या अंधुक उजेडांत काढलेलीं असल्यामुळें काळसर होतीं. मीं तीं रात्रीं, खोलींतला दिवा मालवून, संगणकाच्या पडद्यावर मोठीं करून वाचीत असें. पानामागून पान पाहतां असें ध्यानांत आलें कीं, प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांतील शाई फिकी, पिंवळट, उडाल्यासारखी दिसते. एखाद्या पानाचें तसें असतें तर सोडून दिलें असतें; पण ओळीनें चाळीस पानांचें तसेंच होतें. बाडाला त्या कोपऱ्यांतून ओल लागली असली पाहिजे असा तर्क मीं केला, आणि तो नुसता मनांत न ठेवितां यादींत लिहूनहि टाकला: ‘खालचा उजवा कोपरा ओलीनें खराब. शाई विरलेली. सहा ठिकाणीं वाचन संशयित.’

पुढें मार्गशीर्षांत, संताजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या निमित्तानें, सुदुंबऱ्यास जाणें झालें. त्या घरीं जाऊन मीं मूळ बाड हातांत घेतलें, तों कोपरा कोरडा ठणठणीत आणि शाई काजळासारखी काळी! माझा शेरा वाचून दाखविला तेव्हां घरांतले वडीलधारे आबा हसून म्हणाले, “मास्तर, बाड भिजलं आसतं तर आमच्या आज्यानं उन्हात घातलं आसतं. भिजलंय ते तुमचं यंत्र.”

यंत्र भिजलेलें नव्हतें. पण आबांचें बोट अचूक जागीं पडलें होतें. घरीं परतल्यावर खोलींत अंधार केला आणि पडद्यावर कांहींहि न दाखवितां तो सबंध काळा ठेवला. तो काळा झालाच नाहीं. मधला भाग करड्या राखेसारखा, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यांत, दाराच्या फटींतून शेजारच्या खोलींतला उजेड यावा तसा, एक पिंवळट ओघळ. चाळीस पानांवर मीं जी ओल पाहिली ती हीच. लाजेची गोष्ट अशी कीं, शंका येण्यास पुरेसें कारण आरंभापासून समोर होतें. बाडाचें पान उलटलें कीं त्याचा उजवा कोपरा डावा होतो. खरीखुरी ओल एकाआड एक पानावर डावीकडे दिसावयास हवी होती. ती सर्वत्र उजवीकडेच राहिली, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नाहीं.

असा ओघळ कोठून येतो हें समजण्यासाठीं काळा रंग पडद्यावर कसा दाखवितात हें पाहिलें पाहिजे. यांत दोन निरनिराळ्या रीती आहेत, आणि पडद्यांचा सारा इतिहास या दोन रीतींमध्यें हेलकावे खात आलेला आहे. पहिली रीत म्हणजे जेथें काळें हवें तेथें दिवा लावावयाचाच नाहीं. दुसरी म्हणजे दिवा लावून ठेवावयाचा, आणि जेथें काळें हवें तेथें तो झाकावयाचा. पहिलें काळें निसर्गाचें, दुसरें कारागिराचें.

मागून उजेड टाकून चित्र दाखविण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्यांच्यापैकीं परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. पांढरें कापड ताणावयाचें, मागें दिवा ठेवावयाचा, आणि कोरून, भोंकें पाडून रंगविलेली बाहुली कापडाला भिडवून नाचवावयाची. दिव्याच्या समोरचें कापड उजळ आणि कडा मंद, ही विषमता तेथेंहि असतेच. पण तिचें कोणास वैषम्य वाटत नाहीं. कारण ज्योत हलते, बाहुली हलते, आणि प्रेक्षकाचें मन कथेंत गुंतलेलें असतें.

पुढें कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. हातानें रंगविलेल्या कांचपट्ट्यांवरून मोठीं चित्रें पडद्यावर पाडून ते लोकांस पुराणांतील कथा दाखवीत. जादूच्या कंदिलाच्या कारागिरांस दोन अडचणींशीं झगडावें लागे. दिवा कांचपट्टीच्या मागें नुसता ठेवला तर मध्यभागीं झगझगाट आणि कडेला अंधार. म्हणून दिवा व पट्टी यांच्यामध्यें जाड फुगीर भिंगें बसवून उजेड सर्व पट्टीवर सारखा पसरावा लागे. ही एक अडचण. दुसरी अशी कीं, आकृतीभोंवतींची कांच काळ्या रंगानें झांकावयाची, आणि तो रंग कोठें पातळ पडला, टांचणीच्या टोंकाएवढा जरी निघाला, तरी पडद्यावर तेथें तारा चमके. उजेड सारखा पसरणें आणि काळें घट्ट झाकणें, या त्या दोन अडचणी. आजच्या पडद्याचे दोषहि नेमके हेच दोन आहेत.

विसाव्या शतकांत मधल्या काळीं झाकण्याची ही कटकट कांहीं काळ मिटली होती. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्राउन यानें १८९७ सालीं जी किरणनलिका केली, तिच्यापासून घराघरांतील दूरचित्रवाणीचे आणि पहिल्या संगणकांचे पोटाळ जड पडदे निघाले. त्यांत विजेच्या कणांचा झोत कांचेच्या आंतल्या लेपावर आदळे तेथें प्रकाश उमटे. झोत थांबविला कीं तो ठिपका विझे. काळें म्हणजे न पेटलेलें. त्या पेटीला दुसरे दोष पुष्कळ होते. परंतु मागें सतत जळणारा दिवा नसल्यामुळें कोपऱ्यांतून उजेड ओघळण्याचा प्रश्नच नव्हता.

पातळ पडद्यानें हा प्रश्न पुन्हां उभा केला. त्याची कथा १८८८ सालीं प्राग येथें सुरू होते. फ्रीडरिख राइनित्सर नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास असें आढळलें कीं, एक विशिष्ट पदार्थ १४५.५ अंशांवर वितळून गढूळ होतो आणि १७८.५ अंशांवर पुन्हां एकदां वितळून स्वच्छ होतो. या दोन वितळण्यांमधली जी अवस्था, वाहते द्रवासारखी पण आंतली रचना स्फटिकासारखी, तिला द्रवस्फटिक असें नांव पडलें. ऐंशी वर्षें हा पदार्थ प्रयोगशाळेंतील नवल म्हणून राहिला. १९६८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज हाइलमायर व त्याचे सहकारी यांनीं त्यापासून आंकडे व चित्रें दाखवितां येतात हें जाहीर केलें, आणि १९७० च्या सुमारास द्रवस्फटिकाचे कण मळसूत्राप्रमाणें पिळून बसविण्याची युक्ति निघाल्यावर घड्याळें, गणकयंत्रें आणि पुढें संगणक असा त्याचा प्रसार झाला.

या पडद्याचें मर्म असें आहे. प्रकाश ही एक थरथर आहे असें धरा. एका खास पत्रींतून तो नेला म्हणजे त्याची थरथर एकाच दिशेची उरते. जणूं उभ्या गजांच्या खिडकींतून उभीच काठी बाहेर पडावी. त्या पत्रीच्या पुढें आडव्या गजांची दुसरी पत्री ठेवली तर ती काठी अडते, म्हणजेच काळें दिसतें. या दोन पत्र्यांमध्यें द्रवस्फटिकाचा अगदीं पातळ थर भरलेला असतो. विजेच्या दाबानें त्याचे कण वळले कीं ते थरथरीची दिशा फिरवितात आणि प्रकाश पलीकडे जातो. पडद्यावरील प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक झडप. आणि सर्व झडपांच्या मागें अखंड जळणारा दिवा. पडद्यावर काळी रात्र दाखविली जात असतांहि तो दिवा पूर्ण तेवत असतो. आपण पाहतों तो अंधार नसून बंद दरवाजा असतो.

बंद दरवाजा किती घट्ट, एवढाच मग प्रश्न उरतो. आजच्या चांगल्या पडद्यांपैकीं सर्वांत रूढ असलेल्या जातींत पांढरा ठिपका काळ्याच्या सुमारें हजारपट उजळ असतो. दुसऱ्या एका जातींत सुमारें तीन हजारपट. म्हणजे हजारांतला किंवा तीन हजारांतला एक भाग तरी दाराखालून येतोच. दिवसा तो दिसत नाहीं. अंधाऱ्या खोलींत डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या कीं तो राखेसारखा दिसूं लागतो.

हा झिरपा सर्व ठिकाणीं सारखा असता तर मीं फसलों नसतों. तो विषम होण्यास निदान तीन कारणें आहेत. पडदा पातळ व्हावा म्हणून मागचा दिवा पुष्कळदां मागें नसून कडेला असतो. कडेच्या बारीक दिव्यांचा उजेड एका पारदर्शक तक्त्यांतून सरकत जातो आणि तक्त्यावर कोरलेल्या ठिपक्यांवर आपटून पुढें वळतो. दिव्याजवळ ठिपके विरळ आणि दूर दाट ठेवून उजेड सारखा वांटावा लागतो; त्या वांटणींत उणेंअधिक राहिलें कीं ढगाळ डाग दिसतात. दुसरें कारण चौकट. ती कोठें अधिक आवळली गेली कीं कांचेंत ताण उत्पन्न होतो, आणि ताणलेली कांच प्रकाशाच्या थरथरीची दिशा स्वतःच थोडी बदलते. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानें हा गुण १८१५ सालींच ओळखला होता. दिशा बदलली कीं आडव्या गजांतून प्रकाशाला वाट मिळते. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यांतील ओघळ हा असा चौकटीच्या दाबाचा होता असें मला वाटतें, कारण मागून ती चौकट बोटानें किंचित् सैल धरली कीं तो आंखडे.

तिसरें कारण दोषाचें नसून स्वभावाचें आहे. पडद्याकडे तिरकें पाहिलें म्हणजे उभ्या व आडव्या गजांमधला काटकोन डोळ्याला काटकोन राहत नाहीं, आणि द्रवस्फटिकाचे कणहि वेगळ्या बाजूनें दिसतात. त्यामुळें बंद झडपेंतून फिकट चमक येते. मोठ्या पडद्यासमोर जवळ बसलें कीं त्याचे कोपरे आपोआपच तिरके पडतात. ही चमक डोकें हलविलें कीं हलते. चौकटीचा ओघळ मात्र जागच्या जागीं राहतो. दोहोंतला फरक ओळखण्याची ही सोपी खूण आहे. नवीन पडदा घेतल्यावर पुष्कळजण या तिरक्या चमकेलाच बिघाड समजून दुकानदाराशीं वाद घालतात. आणि उलट कित्येकजण खरा ओघळ ‘असेंच असतें’ म्हणून सोसतात.

या तिरक्या चमकेच्या बंदोबस्तांत आपल्या देशाचा, किंबहुना आपल्या प्रांताचाहि, थोडा हात आहे, आणि तो फारसा कोणाच्या ठाऊक नाहीं. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनीं १९५१ सालीं नागपूर विद्यापीठाची पदार्थविज्ञानांतील एम्. एस्सी. ही पदवी पहिल्या क्रमांकानें मिळविली व ते बंगळूरास रामन यांच्या संस्थेंत गेले. तोंपर्यंत ज्ञात असलेल्या द्रवस्फटिकांचे कण काड्यांसारखे लांबट होते. १९७७ सालीं चंद्रशेखर, सदाशिव व सुरेश यांनीं ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकांत असें दाखविलें कीं, थाळीसारख्या चपट्या कणांचेंहि द्रवस्फटिक बनतें. नाण्यांची चळत रचावी तसे ते कण एकावर एक बसतात. ही शुद्ध ज्ञानाची गोष्ट होती. त्या वेळीं तिचा उपयोग कोणी विचारला असता तर उत्तर देणें कठीण झालें असतें. परंतु १९९० नंतरच्या दशकांत जपानांतील फूजी कंपनीनें अशाच थाळीसारख्या कणांचा थर असलेली पत्री केली. काडीसारखे कण तिरक्या दृष्टीला जी चूक करीत ती हे थाळीसारखे कण उलट बाजूनें भरून काढीत, आणि बाजूनें पाहणाऱ्यासहि काळें काळेंच दिसूं लागलें. पुढें जगभर लाखों पडद्यांवर ती पत्री चढली. नागपुरास शिकलेल्या माणसाच्या शोधानें जगाच्या मेजांवरचा अंधार थोडा गडद केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरीहि झाकण्याचा मार्ग शेवटीं झाकण्याचाच. अलीकडे मागच्या दिव्याचे शेंकडों किंवा हजारों तुकडे करून, जेथें चित्र काळें तेथील तुकडे मंद करण्याची युक्ति निघाली आहे. पण काळ्या आकाशांत एकच चांदणी दाखविली कीं तिच्याभोंवतीं खळें पडतें, कारण दिव्याचा तुकडा चांदणीहून मोठा असतो. म्हणून उद्योगाची दुसरी शाखा जुन्या, पहिल्या रीतीकडे वळली आहे. १९८७ सालीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनीच्या तांग व व्हॅन स्लाइक या दोघांनीं कार्बनी पदार्थांच्या पातळ थरांतून थोड्या विजेवर स्वच्छ प्रकाश निघतो हें सिद्ध केलें. त्यावरून झालेल्या पडद्यांत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो; मागें दिवा नाहीं, तेव्हां झिरपाहि नाहीं. अर्थात् त्यालाहि झीज आहे. जे ठिपके अधिक जळतात ते लौकर मंदावतात, आणि एकच चित्र फार काळ ठेविलें तर त्याची छाया कायमची उमटते. काळें फुकट मिळत नाहीं, हेंच खरें.

हा सारा इतिहास पाहिल्यावर माझ्या चुकीचें स्वरूप मला अधिक स्पष्ट झालें. कागद बाहेरच्या उजेडानें वाचला जातो. दिवा हलविला, पान खिडकीकडे नेलें, तर डाग डागच राहतो आणि सावली हटते. वाचणाराचा हात आणि डोळा मिळून खरें-खोटें निवडतात. पडद्यावरील पान मात्र स्वतःच्या उजेडानें बोलतें, आणि त्या उजेडाचा दोष पानाच्या अंगीं चिकटून येतो. आज जुनीं बाडें, दप्तरें, हस्तलिखितें यांचीं छायाचित्रें मोठ्या प्रमाणावर होत आहेत, आणि हें इष्टच आहे. मूळ कागद त्यामुळें कमी हाताळले जातात. पण यापुढें पुष्कळ अभ्यासक मूळ न पाहतां पडद्यावरूनच निर्णय देणार. मूळ बाडाला कालांतरानें कसर लागली, किंवा तें विखुरलें, तर मागें केवळ यादी राहील. आणि यादींत ‘ओलीनें खराब’ असें लिहिलें असेल तर तें बाड सदैव ओलीनें खराब झालेलेंच राहील. माझी यादी छापखान्याच्या वाटेवर होती. मार्गशीर्षांत मी गेलों नसतों तर एका घराण्यानें चांगलें सांभाळलेलें बाड निष्काळजीपणें भिजविल्याचा ठपका माझ्या अक्षरांत उरला असता.

म्हणून अशीं छायाचित्रें वाचणारांनीं दोनतीन साध्या संवयी लावून घ्याव्या. पडद्यावरील चित्र एकदां उलटें, डोकें खालीं करून पाहावें: डाग कागदाचा असेल तर तो चित्राबरोबर फिरेल, पडद्याचा असेल तर जागचा हलणार नाहीं. चित्र एका बाजूस सरकवूनहि हीच परीक्षा होते. खोलींत अगदीं अंधार करून वाचूं नये. पडद्याच्या पाठीमागें, भिंतीकडे तोंड करून, एक मंद दिवा लावावा, म्हणजे डोळ्याला झिरपा जाणवत नाहीं आणि शीणहि कमी होतो. पडद्याचें तेज गरजेपुरतेंच ठेवावें, कारण मागचा दिवा मंद केला कीं ओघळहि त्याच प्रमाणांत मंदावतो. पडद्याच्या दोषाचा पुरावा म्हणून भ्रमणध्वनीनें काढलेल्या चित्रावर फारसा विश्वास ठेवूं नये. अंधारांत तें यंत्र उजेड सांठवीत राहतें आणि राईचा पर्वत करतें. आणि ‘संशयित’ हा शेरा लिहिण्यापूर्वीं, शक्य असेल तर, मूळ कागद एकदां पाहावा.

सुदुंबऱ्याच्या त्या ओसरीवर बसून मीं माझीं सहा संशयित स्थळें मूळ बाडावरून पुन्हां वाचलीं. पांच ठिकाणीं अभंगांतले नेहमींचेच शब्द निघाले. सहावी जागा हिशेबाच्या पानावर होती. पडद्यावर तेथें मला नुसता पिंवळा धूर दिसला होता. कागदावर ठसठशीत लिहिलें होतें कीं, देवळांतील दिव्यासाठीं दोन शेर तेल आणलें व त्याचे पैसे द्यावयाचे राहिले आहेत. आबांनीं तें दोनदां वाचून घेतलें. “द्यायचं ऱ्हायलंय म्हना की,” असें म्हणून त्यांनीं बाड पुन्हां तांबड्या फडक्यांत बांधलें. यादींतील शेरा मीं तेथेंच खोडला आणि त्याखालीं तारीख घालून लिहिलें: ‘मूळ पाहून दुरुस्त. कोपरा शाबूत.’